मे महिन्यात फोर्टच्या लॉ फर्ममध्ये पहिली इंटर्नशिप: काय काम मिळतं, काय शिकायला मिळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सोलापूरच्या, पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला. मुंबईत फोर्टमधल्या एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये मे महिन्यात चार आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. काम काय असेल, कोर्ट बघायला मिळेल का, कपडे कसे हवेत आणि बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे इंग्रजीत अडेल का, असं तुम्ही विचारलं आहे. मी स्वतः सांगलीहून अशीच आले होते. आज वीस वर्षांहून जास्त काळ फोर्टमध्येच दिवाणी दाव्यांचं आणि जमिनीच्या व्यवहारांचं काम करते, आणि दर उन्हाळ्यात आमच्याकडे तीन-चार इंटर्न असतात. तेव्हा जे रोज बघते तेच सांगते.

आधी मे महिन्याचं. मुंबई उच्च न्यायालयाची उन्हाळी सुट्टी साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते. तातडीच्या कामांसाठी सुट्टीकालीन न्यायमूर्ती बसतात, पण रोजची गजबज नसते. जिल्हा न्यायालयातलं दिवाणी कामही याच सुमारास बंद असतं. त्यामुळे रोज काळा कोट घालून युक्तिवाद ऐकायला जायचं चित्र मनात असेल तर ते आत्ताच बाजूला ठेवा. मात्र महिना वाया जाईल असंही समजू नका. फर्मला सुट्टी नसते. कंपन्यांचे करार, जमिनीचे सर्च, लवादांपुढच्या सुनावण्या हे सगळं चालूच असतं, आणि कोर्ट उघडल्यावर दाखल करायचे दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं याच महिन्यात तयार होतात. एरवी संध्याकाळी साडेपाचला कोर्टातून दमून आलेले वकील मे महिन्यात दुपारी टेबलावर सापडतात. इंटर्नला शिकवायला त्यांच्याकडे एवढा वेळ वर्षात दुसऱ्या कुठल्याच महिन्यात नसतो.

सुट्टीकालीन कोर्टात एक दिवस तरी जाऊन बसाच. तिथे मुद्दा एकच असतो: हे प्रकरण जूनपर्यंत का थांबू शकत नाही? बांधकाम उद्या पाडणार आहेत, मुलाला परदेशी नेणार आहेत, बँक गॅरंटी आज वटवणार आहेत. वकिलाला दोन मिनिटांत तातडी पटवून द्यावी लागते. अंतरिम मनाई म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा त्या दोन-दोन मिनिटांत जास्त कळलं. आणि इमारतीत गेलातच तर कोर्टरूम क्रमांक ४६ पर्यंत चालत जा. १९०८ साली लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला तिथे चालला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षेच्या वेळी ते जे बोलले ते बाहेर संगमरवरी फलकावर कोरलेलं आहे. मी अजूनही त्या मजल्यावर काम असलं की तिथे क्षणभर थांबते.

आता रोजचं काम. पहिले दोन-तीन दिवस बहुधा कुणी काही देणार नाही. यात राग नसतो, दुर्लक्षही नसतं. काम समजावून सांगायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास कुणाकडे नसतो, एवढंच. अशा वेळी मोबाईल बघत बसू नका. एखाद्या असोसिएटला सांगा, "मॅडम, निकाल लागलेल्या एखाद्या जुन्या मॅटरची फाईल वाचायला द्याल का?" फाईल मिळाली की पहिल्या नोटिशीपासून शेवटच्या आदेशापर्यंत क्रमाने वाचा: दावा, कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर), अर्ज, प्रतिज्ञापत्रं, रोजनामा (कोर्टातल्या रोजच्या कामकाजाची नोंद). प्रत्येक पायरीला स्वतःला विचारा की हा कागद या टप्प्याला का आला. एका फाईलला दोन दिवस लागतील, पण दिवाणी प्रक्रिया संहितेचे आदेश आणि नियम जिवंत होतील. ऑर्डर सात रूल अकरा परीक्षेसाठी पाठ केलेला असतो. त्याच्याखाली अर्ज करून कुणाचा तरी दावा पहिल्याच पायरीवर कसा फेटाळला गेला हे फाईलमध्ये दिसतं.

मग कामं यायला लागतील. लिस्ट ऑफ डेट्स बनवणं, म्हणजे प्रकरणातल्या घटना तारखांनिशी मांडणं. कम्पायलेशनला, म्हणजे कोर्टापुढे ठेवायच्या कागदांच्या संचाला, पान नंबर घालणं. एक्झिबिट, म्हणजे सोबत जोडायचे कागद, ओळीने लावणं. क्लाएंटने पाठवलेल्या दोनशे ईमेलमधून कामाच्या वीस काढणं. मुद्द्यावरचे निवाडे शोधणं. कराराच्या दोन मसुद्यांतला फरक काढणं. यातलं बरंचसं कारकुनी वाटेल, आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. तुम्हाला कायदा किती येतो हे चार आठवड्यांत कुणी फारसं बघत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला किती येणार हे आम्हाला ठाऊक असतं. आम्ही बघतो ते एवढंच की तुमच्या हातून आलेला कागद आम्हाला परत तपासावा लागतो की नाही.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले. नवीन असताना एका कम्पायलेशनचं पेजिंग माझ्याकडे होतं. तीनशे पानं, तीन संच, रात्रीचे साडेनऊ. झेरॉक्स करताना एका करारनाम्याचं मधलं एक पान दोन पानं चिकटल्यामुळे सुटलं. मी नंतर आहेत त्या पानांवर नंबर घातले, त्यामुळे क्रम बरोबरच दिसत होता. पान १११ होतं, ११२ होतं, नंबर कुठेही तुटत नव्हता. फक्त कलम १४ अर्ध्यात थांबत होतं आणि पुढच्या पानावर कलम १६ सुरू होत होतं. दुसऱ्या दिवशी न्यायमूर्तींनी नेमकं कलम १५ मागितलं. आमच्या काउन्सेलने, म्हणजे कोर्टात युक्तिवाद करणाऱ्या वकिलाने, पान उलटलं, परत मागे उलटलं. प्रकरण तीन आठवडे पुढे गेलं. आमच्या क्लाएंट रत्नागिरीहून रात्रभर एसटीने आलेल्या, सत्तरीच्या बाई होत्या. मला कुणी ओरडलं नाही. त्या बाईंनी बाहेर येऊन "आता परत कधी यायचं?" एवढंच विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी पान नंबर घालण्याआधी मूळ कागदाशी मजकूर जुळवते: प्रत्येक पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ. तीनशे पानांना चाळीस मिनिटं लागतात. तुम्हीही असंच करा.

काम घेताना चार गोष्टी वहीत लिहून घ्या: हे कुणासाठी आहे, कशासाठी वापरायचं आहे, कधी हवं आहे, किती लांब हवं आहे. "लिमिटेशनवर जरा रिसर्च कर" म्हटल्यावर मान हलवून जाऊ नका. उद्या सकाळी सीनियर काउन्सेलबरोबर कॉन्फरन्स असेल तर अर्धं पान हवं असतं, दावा लिहायचा असेल तर सगळे निवाडे हवे असतात. अडलात तर वीस मिनिटं स्वतः धडपडा आणि मग विचारा. चार तासांनी "मला कळलंच नव्हतं" हे ऐकणं आम्हाला जड जातं.

मुदतीचं, म्हणजे लिमिटेशनचं, काम मे महिन्यात हमखास येतं, म्हणून एक उदाहरण नीट सांगते. लवादाचा निवाडा रद्द करायचा अर्ज लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली निवाडा हाती पडल्यापासून तीन महिन्यांत करायचा असतो. पुरेसं कारण असेल तर कोर्ट आणखी तीस दिवस देऊ शकतं, त्यापुढे एकही दिवस नाही. आता समजा निवाडा २० फेब्रुवारीला मिळाला. तीन महिने २० मेला संपतात आणि कोर्टाला सुट्टी आहे. मुदत कायद्याचं कलम ४ म्हणतं की मुदत संपते त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडण्याच्या दिवशी दाखल करा. म्हणजे जूनमध्ये कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेला अर्ज चालेल. पण निवाडा २० जानेवारीला मिळाला असेल तर? तीन महिने २० एप्रिललाच संपले, तेव्हा कोर्ट चालू होतं. वरचे तीस दिवस २० मेला संपतात. तारीख तीच, सुट्टी तीच, पण इथे कलम ४ मदतीला येत नाही, कारण ते वरचे तीस दिवस म्हणजे कायद्याने ठरवलेली मूळ मुदत नव्हे. आसाम अर्बन वॉटर सप्लाय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे स्पष्ट केलं आहे. जून उजाडेपर्यंत थांबलेल्या क्लाएंटचा अर्ज तिथेच संपतो. इंटर्नने कुरिअरच्या पावतीवरची तारीख नीट वाचली की नाही यावर कोट्यवधींचं प्रकरण उभं राहतं किंवा पडतं, ते असं. म्हणून मुदत मोजताना मनात मोजू नका. कागदावर तारखा लिहा, त्या कुठल्या कागदावरून घेतल्या ते पुढे लिहा आणि दाखवा.

आता तुमच्या भाषेच्या काळजीबद्दल. फर्मचं काम इंग्रजीत चालतं हे खरं आहे. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलांमध्ये पहिला आठवडा घुसमटल्यासारखं होईल, मलाही झालं होतं. पण ड्राफ्टिंगला सुंदर इंग्रजी लागत नाही, सरळ इंग्रजी लागतं. एका वाक्यात एकच गोष्ट. रिसर्च नोट लिहिताना सुरुवातीला प्रश्न, लगेच दोन ओळींत उत्तर, मग कारणं आणि प्रत्येक निवाड्याचा परिच्छेद क्रमांक. असं लिहिणारी मुलगी इंग्रजी बोलताना अडखळली तरी तिला काम मिळत राहतं.

आणि मराठी तुमचं मोठं बळ आहे. हे धीर द्यायला म्हणत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जमिनीचं टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासायचं म्हणजे तीस-तीस वर्षांचे सातबारे, फेरफार, इंडेक्स टू (नोंदवलेल्या खताचा गोषवारा) वाचायचे. ते मराठीत असतात, जुने तर तलाठ्याच्या हस्ताक्षरात. मुंबईत वाढलेल्या हुशार असोसिएटना "एकुमॅ" वाचून थांबावं लागतं. तुमच्या घरच्या उताऱ्यावर ते बघितलं असेल: एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन त्या एकट्याच्या नावावर दिसत असली तरी त्याची एकट्याची नाही. इतर हक्कात "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र" असं लिहिलेलं असलं की ती कुळाला मिळालेली जमीन आहे आणि तिच्या विक्रीवर कायद्याची अट आहे. हे गावाकडच्या मुलीला ओट्यावर बसूनच कळलेलं असतं.

आमच्याकडे परभणीहून एक इंटर्न आली होती. एका गोदामाच्या जागेचा टायटल रिपोर्ट तयार होत होता. बाहेरून करून घेतलेलं कागदपत्रांचं इंग्रजी भाषांतर सगळे वाचत होते. हिने आपणहून मूळ फेरफार मागितला. २०११ चा, निळ्या शाईचा, झेरॉक्समध्ये पुसट झालेला. बराच वेळ तो खिडकीपाशी उजेडात धरून ती बघत होती. मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, यात विकणाऱ्यांच्या नावांत एकाचं आडनाव अपाक लिहिलंय भाषांतरात. ते आडनाव नाहीये. अ.पा.क. आहे." अज्ञान पालन कर्ता, आई. म्हणजे विकणाऱ्यांपैकी एक मुलगा अज्ञान होता, वय वर्षं चार, आणि त्याच्या वतीने आईने सही केली होती. अज्ञानाची स्थावर मिळकत पालकाने विकायची तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ खाली कोर्टाची आधी परवानगी लागते. नसेल तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत विक्रीला आव्हान देऊ शकतो. आम्ही खरेदीखत काढून पाहिलं, परवानगीचा उल्लेख नव्हता. मुलगा तेव्हा नुकताच अठरा पूर्ण झाला होता. व्यवहार मोडला नाही, त्या मुलाला मान्यता देणारा पक्ष म्हणून खतात घेतलं. पण भाषांतरावर विसंबून रिपोर्ट गेला असता तर विकत घेणाऱ्याच्या डोक्यावर २०२८ पर्यंत टांगती तलवार राहिली असती. त्या मुलीचं इंग्रजी तुमच्याइतकंच असेल. तिला आम्ही पुढच्या उन्हाळ्यात स्वतःहून बोलावलं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात तुमच्या असोसिएटला सांगून ठेवा की मला सातबारा, फेरफार, जुनं हस्ताक्षर वाचता येतं.

फर्ममधल्या माणसांबद्दल एक सांगायचं राहिलं. पार्टनरला ओळखायला सगळेच धावतात. तुम्ही कोर्टाचं काम बघणाऱ्या कारकुनांना ओळखा. आमच्या ऑफिसातले कारकून काका तीस वर्षं हायकोर्टाच्या रजिस्ट्रीत जात आहेत. कुठलं प्रेसिपी (रजिस्ट्रीला द्यायची लेखी विनंती) कुठल्या खिडकीवर, ऑब्जेक्शन कशावर निघतं, कुठल्या प्रतिज्ञापत्रावर शिक्का राहिलाय हे त्यांना एका नजरेत कळतं. "काका, आज मी तुमच्याबरोबर येऊ?" असं विचारा. मोठ्या काउन्सेलचा युक्तिवाद मागून बाकावर बसून कुणालाही ऐकता येतो, पण दाखल केलेला दावा बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, यायला मध्ये काय काय व्हावं लागतं हे काकांबरोबर गेल्याशिवाय दिसत नाही.

निवाडे शोधताना एक कटाक्ष पाळा. एआयला विचारून मिळालेला निवाडा स्वतः उघडून वाचल्याशिवाय नोटमध्ये घालू नका. नसलेले निवाडे छापून येतात. अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांवर आधारलेला एक करनिर्धारण आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली रद्दही केला. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे ई-एससीआर या पोर्टलवर फुकट मिळतात, तिथे ताडून बघा, आणि तो निवाडा पुढे कुणी फिरवला तर नाही ना तेही बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले, पण जुनी प्रकरणं जुन्या कलमांवर चालू आहेत, तेव्हा जुन्या आणि नव्या दोन्ही कलमांचे आकडे जवळ ठेवा. क्लाएंटचे कागद मात्र कुठल्याही एआयमध्ये टाकायचे नाहीत. वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त राहते ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मुळे, आणि ते बंधन वकिलाच्या कारकुनांना आणि नोकरांनाही आहे. इंटर्ननेही स्वतःला त्यातच धरावं. लोकलमध्ये मैत्रिणीशी फोनवर मॅटरचं बोलू नका, पक्षकाराचं नाव तर मुळीच घेऊ नका. समोर बसलेली बाई कुणाची कोण असेल सांगता येत नाही.

कपडे: बार कौन्सिलच्या नियमांत इंटर्नसाठी पांढरा-काळा वेष सांगितला आहे. पांढरा शर्ट आणि काळी पँट किंवा काळा-पांढरा सलवार-कुर्ता, काळा कोट, बंद काळे बूट. बँड आणि गाऊन वकिलांचा, तो घालायचा नाही. मे महिन्यात मुंबईचा घाम सोलापूरच्या उन्हापेक्षा वेगळा त्रास देतो, म्हणून कोट ऑफिसात ठेवा आणि कोर्टात जाताना घाला.

पैशांचं रुजू व्हायच्या आधीच ईमेलवर विचारा. बऱ्याच ठिकाणी इंटर्नला काही मिळत नाही, काही ठिकाणी प्रवासखर्च, काही ठिकाणी स्टायपेंड. विचारण्यात कमीपणा नाही. मुंबईत महिनाभर पीजी आणि जेवण ही सोलापूरच्या घराला लहान रक्कम नाही, आणि न देणाऱ्या फर्मनी याचा विचार करायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. ते जमत नसेल तर मुंबई म्हणजेच सगळं असं मानू नका. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्यातच येतो. शिवाय पाच वर्षांच्या कोर्सला एकूण किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप लागते, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, आणि त्यात एकदा तरी खालच्या कोर्टात खटला चालवणाऱ्या वकिलाकडे आणि अपिलाच्या वकिलाकडे काम केलेलं असावं लागतं. तेव्हा पुढची एक इंटर्नशिप सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात कराच. साक्षीदाराची उलटतपासणी फोर्टच्या फर्ममध्ये वर्षभर बसूनही दिसणार नाही, तिथे आठवड्यात दिसेल.

कुणी रात्री उशिरा एकटीला विनाकारण थांबवून घेत असेल, वैयक्तिक मेसेज करत असेल, अंगलगट करत असेल, तर सहन करायचं नाही. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात, पगार मिळो वा न मिळो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते. पहिल्या दिवशी समितीची नावं नोटीस बोर्डवर वाचून ठेवा.

इंटर्नशिप डायरी रोज लिहा. कॉलेज ती मागतंच, पण त्यात पक्षकारांची नावं नकोत, कामाचा प्रकार आणि शिकलेला मुद्दा एवढंच. सर्टिफिकेट शेवटच्या दिवशी नाही, शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी मागा, तारखा लिहून द्या. पार्टनर शुक्रवारी दिल्लीला गेलेले असू शकतात.

सोमवारी रुजू व्हायचं असेल तर सिद्धेश्वर एक्सप्रेसने रविवारी सकाळीच सीएसएमटीला उतरा. सामान पीजीवर टाकून फोर्टमध्ये एकदा चालत येऊन ऑफिसची इमारत बघून ठेवा. इथे बऱ्याच रस्त्यांना जुनं आणि नवं अशी दोन नावं आहेत, इमारतींच्या पाट्या दुकानांच्या मागे लपलेल्या असतात आणि जिना कुठे आहे हे पहारेकऱ्याला विचारावं लागतं. रविवारी रस्ते रिकामे असतात, सापडायला सोपं जातं. सोमवारी सकाळी दहाला तिथे उभं राहायलाही जागा नसते.